वालाच्या वेलापलीकडची जर्मनी

"बाई, आमच्या लहानीच्या घराले दोन भाडे आहेत म्हणते. एक थंड भाडं अन् एक गरम भाडं. असं कुठं असते का?"

वालाच्या वेलातून वहिनींचं तोंड बाहेर आलं तेव्हा मी चहा घेऊन मागच्या सांदवाडीत नुकतीच टेकले होते. आमच्या दोन घरांमध्ये बांबूच्या कामट्यांचं कुंपण आहे. वेल लावला त्यांनी, शेंगा लोंबतात माझ्या बाजूला. शेंगा कोणाच्या हा वाद बारा वर्षं मिटलेला नाही, आणि मिटावा असं दोघींनाही वाटत नाही. फेब्रुवारीत शेंगा भरल्या की वहिनी रोज टोपली घेऊन कुंपणाशी येतात. शेंगा अर्धी टोपली निघतात, बातम्या दोन टोपल्या.

लहानी म्हणजे त्यांची धाकटी. भाऊजी आलापल्लीच्या जंगलखात्यात होते. ते गेले तेव्हा ही नागपुरात नर्सिंगला होती. पास झाली, तिथेच एका दवाखान्यात चार वर्षं काढली, रात्रपाळ्या करता करता जर्मन शिकली आणि पुण्याला मॅक्सम्युलर भवनात जाऊन परीक्षा देऊन आली. आता स्टुटगार्टजवळच्या एका गावात रुग्णालयात आहे. हा तिचा पहिला हिवाळा. अहेरीहून नागपूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच ही उडी केवढी ते कळेल.

मी म्हटलं, "थंड भाडं म्हणजे नुसत्या भिंतींचं असेल. पाणी, कचरा, घर गरम ठेवायचा खर्च त्यात मिळवला की गरम."

"तसंच म्हणे. पण आपल्याकडं उलटं लागन. मे महिन्यात गरम भाडं फुकट अन् थंड भाड्याले तिप्पट पैसे."

मग सुरू झालं. वहिनींना जर्मनी सगळी फोनवरून कळते, तीही पोरगी ड्यूटीवरून येऊन जेवता जेवता जेवढी सांगेल तेवढी. पण ऐकलेलं एकही वाक्य त्या वाया घालवत नाहीत. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तिथल्या कचेरीत जाऊन नाव नोंदवायचं, सोबत घरमालकाचं पत्र लागतं, की होय, ही माझ्याकडेच राहते. देश सोडताना पुन्हा जाऊन नाव काढायचं. आपल्याकडे भाडेकरू चार वर्षं राहून जातो आणि शेजाऱ्याला त्याचं आडनाव कळत नाही.

"अन् फॉर्मात धर्म विचारते, बाई. मले वाटलं, तिथंही हेच आहे का! तर नाही. चर्चचा माणूस असला तर त्याच्या करावर आणखी आठ टक्के चर्चसाठी पगारातूनच कापते."

"मग लहानीनं काय लिहिलं?"

"हिंदू लिहिलं. वाचले पैसे." वहिनींनी एक किडकी शेंग माझ्या बाजूला टाकली. "आपल्या मंडळानं अशी वर्गणी पगारातून कापली तर पोट्ट्यांले पावतीबुक घेऊन फिराची गरज नाही."

पुढचा कर मात्र तिला चुकवता आला नाही. महिना 18.36 युरो, रेडिओ-टीव्हीचे. घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही असं लहानीनं कळवून पाहिलं. उत्तराचं पत्र आलं: असो वा नसो, घर आहे ना, मग द्या. वहिनींना हा शुद्ध अन्याय वाटला. मला आमच्या वडिलांचं रेडिओचं लायसन आठवलं. पासबुकासारखं पुस्तक होतं, दरवर्षी पोस्टात जाऊन त्यावर तिकीट लावून आणायचं. 80 च्या दशकात ते बंद झालं. निदान आमच्याकडे रेडिओ तरी होता, आणि त्यावर नागपूर केंद्र लागायचं.

पण खरी गंमत जिन्याची.

लहानी राहते त्या इमारतीत सहा घरं आहेत. एका सोमवारी सकाळी ती ड्यूटीला निघाली तर तिच्या दाराच्या मुठीला दोरीने एक लाकडी पाटी अडकवलेली. तिला वाटलं, चुकून कोणाची तरी राहिली. तिनं ती काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि गेली. रात्री परत आली तर पाटी पुन्हा मुठीला. खालच्या मजल्यावरची म्हातारी दार किलकिलं करून उभी. या आठवड्यात जिना तुझ्याकडे, असा त्या पाटीचा अर्थ. जिना झाडायचा, पुसायचा, तळघराची वाट झाडायची, बर्फ पडला तर लोक कामावर निघायच्या आत दारासमोरची फरशी मोकळी करायची. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. बोलायचं काही नाही, पाटी बोलते. तिकडच्या भाषेत याला झाडण्याचा आठवडा म्हणतात. त्या भागाची ही फार जुनी चाल आहे. स्टुटगार्टच्या 1492 सालच्या नियमांपर्यंत तिचं मूळ नेतात. कोलंबस जहाज घेऊन निघाला त्या साली हे लोक आपापल्या दारातली घाण कोणी कधी उचलायची ते लिहून ठेवत होते.

"रात्री अकरा वाजता जिना पुसला पोट्टीनं. दहा तास ड्यूटी करून," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग होता की अभिमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. "इथं असताना अंगणात सडा टाक म्हटलं तर कंबर दुखे तिची."

मी गप्प राहिले. गप्प राहण्याला कारण होतं. आमच्या दोन घरांमधून एक नाली जाते. माझ्या जांभळाची पानं तिच्यात पडतात, त्यांच्या मोरीचं पाणी तिच्यात येतं आणि दर पावसाळ्यात ती तुंबते. मग मी म्हणते, पाणी तुमचं. त्या म्हणतात, पानं तुमची. 2015 साली अहेरीची नगर पंचायत झाली, गावाचे सतरा प्रभाग पडले, पण या साडेतीन हात नालीचा कारभार अजून आम्हा दोघींकडेच आहे आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत नाही. म्हातारीने ती पाटी आणून आमच्या कुंपणाला अडकवली असती तर पहिला आठवडा कोणाचा यावरच पोळ्यापर्यंत भांडण चाललं असतं.

रविवारची गोष्ट वहिनी हळू आवाजात सांगतात, कारण तीत पोरीची थोडी फजिती आहे. रविवारी तिथे दुकानं बंद असतात आणि आवाजही बंद. भिंतीला भोक पाडायचं नाही, काही ठोकायचं नाही. लहानीला सुट्टी होती, ठेचा खावासा वाटला. तिनं इथून नेलेला लोखंडी खलबत्ता काढला आणि ओट्यावर लसूण-मिरची कुटायला बसली. तिसऱ्या मिनिटाला घंटी. तीच म्हातारी. आज रविवार, एवढंच बोलली. लहानीनं खलबत्ता उचलून दाखवला, ठेचा दाखवला, माफी मागितली. म्हातारीनं वास घेतला, डोळे पुसले आणि खाली गेली. थोड्या वेळाने जाड घडी केलेला एक टॉवेल घेऊन पुन्हा वर आली. खलबत्त्याखाली ठेवायला. आता रविवारी ठेचा टॉवेलवर होतो. वहिनींनी परवा म्हातारीसाठी जवसाच्या चटणीची पुडी बांधून ठेवली आहे, कोणी जाणारं मिळालं तर.

जाणाऱ्याबरोबर काय द्यायचं, हाही एक स्वतंत्र विषय आहे. लहानी गेली तेव्हा वहिनींनी घरच्या लोण्याचं तूप काढलं होतं, अडीच किलो. नागपूरला निघायच्या आदल्या रात्री कळलं की दूध-तूप, खवा, मांस यातलं काही बाहेरून युरोपात नेता येत नाही. मासळी मात्र माणशी वीस किलोपर्यंत चालते. "म्हणजे प्राणहितेचे वाळवलेले मासे चालते अन् माझं तूप चालत नाही?" वहिनी तेव्हा रडायच्या बेतात होत्या. तुपाचा डबा शेवटी माझ्याकडे आला. मी नको म्हटलं नाही.

आणि वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात. उन्हाळ्यात आपल्याहून साडेतीन तास मागे असतात, आता साडेचार. दुपारी लहानीचा फोन यायचा तो आता तासभर उशिरा येतो. "तिथं सरकारनं घड्याळ फिरवलं अन् इथं माझी दुपारची झोप गेली," ही वहिनींची त्या विषयावरची एकमेव तक्रार.

एवढ्यात त्यांनी टोपली खाली ठेवली, म्हणजे आता मुद्द्याचं येणार.

"काल मतदार यादीवाल्या बीएलओ मॅडम आल्या होत्या. विचारून रायल्या, लहानी घरी आहे का? मी म्हटलं, नाही, जर्मनीले आहे. त म्हणे नाव ठेवाचं का काढाचं?"

"तुम्ही काय म्हटलंत?"

"मी म्हटलं, उद्या सांगतो. तुमाले विचारल्याशिवाय कशी सांगू? बाई, पोट्टीचं नाव रेशनकार्डातून गेलं. तिच्या भावाच्या मनात घर दुरुस्त कराचं आहे, त्याच्या कागदाले तिची सही पाह्यजे, त्यासाठी तिले म्युनिकले आपल्या वकिलातीत जा लागते, दोन-अडीच तास रेल्वेनं, तेही सुट्टी काढून. मंग तो कागद इथं आला की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावा म्हणे. एक एक करून सगळीकडून नाव उठून रायलं. आता यादीतूनही काढलं तर मंग ती अहेरीची कशावरून?"

वहिनींच्या प्रश्नाला मी शाळेत असते तर खडू घेऊन उत्तर दिलं असतं. इथे कुंपणावर कोपर टेकून दिलं. परदेशात राहणाऱ्या पण भारताचंच नागरिकत्व असणाऱ्या माणसाला 2010 च्या दुरुस्तीने मतदार होता येतं. पासपोर्टावर जो पत्ता आहे तिथल्या यादीत, 6-अ नावाच्या फॉर्मवर. म्हणजे लहानीचं नाव पुसायची गरज नाही, ते परदेशवासी मतदार म्हणून अहेरीतच राहू शकतं. फक्त मत द्यायला तिला पासपोर्ट घेऊन स्वतः इथे यावं लागेल. टपालाने नाही, वकिलातीत नाही. इथेच, आपल्या शाळेच्या खोलीत.

"विमानाचं तिकीट काढून?"

"विमानाचं, मग बल्लारशाहपर्यंत रेल्वे, मग एसटी. आणि तीनच्या आत. आपल्याकडे मतदान तीनला संपतं." 2024 मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला, दोन्ही वेळा आमच्याकडे सकाळी सात ते दुपारी तीन अशीच वेळ होती.

वहिनी हसल्या. "त कोण येते?"

जवळजवळ कोणी येत नाही. 2024 च्या लोकसभेला देशभरात सव्वा लाखाच्या आत परदेशवासी मतदार नोंदलेले होते आणि प्रत्यक्ष आले तीन हजारांच्याही आत. त्यातले बहुतेक एकट्या केरळचे. महाराष्ट्रात नोंदलेले पाच हजारांवर, मत दिलं 17 जणांनी. टपालाने मत द्यायची सोय करावी म्हणून 2020 साली निवडणूक आयोगाने सरकारला कळवलं होतं. पुढे काही झालेलं नाही.

"अन् तिथलं मत?"

तिथलंही नाही. जर्मनीत गावच्या निवडणुकीत युरोपीय संघातल्या देशांचे लोक मत देऊ शकतात, आपले नाही. पाच वर्षांनी लहानीला तिथलं नागरिकत्व मागता येईल. 2024 च्या जूनपासून जर्मनी म्हणते, तुमचं जुनंही ठेवा. पण आपला 1955 चा कायदा म्हणतो, दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं संपलं. मग ओसीआय कार्ड मिळतं, ये-जा करता येते, वारशाने आलेलं धानाचं शेत ठेवता येतं, पण नवं शेत विकत घेता येत नाही आणि मतही देता येत नाही.

"म्हणजे जिना पुसाले तिथली, सही कराले म्युनिकची अन् मत द्याले कुठचीच नाही," वहिनी म्हणाल्या.

या वाक्यावर मी काही बोलणार एवढ्यात अक्का मागच्या दाराने आत आली. अक्का माझ्याकडे धुणंभांडी करते. गोंडी बोलते आईशी, तेलुगू बोलते बाजारात, माझ्याशी मराठी, आणि रागावली की तिन्ही एकदम. अहेरीत यात नवल नाही. आपल्या भागाची हद्दच एवढ्या वेळा बदलली. वहिनी जन्मल्या तेव्हा हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं. गडचिरोली वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. म्हणून वहिनींच्या कागदांवर जन्मजिल्हा चंद्रपूर, लहानीच्या कागदांवर गडचिरोली, आणि पासपोर्टाच्या वेळी मायलेकी दोन जिल्ह्यांच्या कशा, हे समजावताना दमछाक झाली होती. नदीपलीकडचे तर एकाच घरात राहून 2014 मध्ये आंध्रातून तेलंगणात गेले. इकडे मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं वसवली, त्यांची नातवंडं आता माझ्याहून शुद्ध मराठी लिहितात. पण त्यांच्यातल्या नामशूद्रांना बंगालमध्ये जो जातीचा दाखला मिळतो तो इथे मिळत नाही. कोण कुठचं, हे इथे कागदच ठरवतो, आणि कागद काय म्हणेल याचा नेम नाही.

"बाई, उद्यापासून मी येत नाही," अक्का म्हणाली. "मिरचीले जातो. सकाळी पाच वाजता गाडी लागते."

दरवर्षी हेच. धान निघालं, हातात काम उरलं नाही की टोल्याटोल्यांवरून माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. पूर्वी डोंग्याने प्राणहिता ओलांडायचे, आता वांगेपल्लीच्या पुलावरून गाडी जाते. महिना-दीड महिना शेतात पाल टाकून राहायचं, मजुरीचा काही भाग मिरचीतच घ्यायचा. पोरं सोबत नेली तर शाळेतली जागा रिकामी. मी तीस वर्षं ती रिकामी जागा हजेरीपटावर पाहिली आहे. परीक्षेच्या तोंडावर अर्धा वर्ग नदीपार असायचा आणि आम्ही शिक्षक गैरहजेरीच्या लाल रेघा ओढत बसायचो, जणू पोरं खेळायलाच गेली आहेत.

वहिनींनी तिला सहज विचारलं, "मागच्या लोकसभेले तू मत देल्तं का गं?"

"कुठून? मी तिकडंच होती. इकडं होतं ते 19 एप्रिलले. मुकादम म्हणे, जाऊन येतो म्हणशील त दोन दिवसांची मजुरी जाते." तिनं घागर कमरेवर घेतली. "मंग मी परत आली त म्हणे तिकडचं मतदान 13 मेले आहे. तिकडं माझं नाव नाही."

"विधानसभेले?"

"तवा होती. देलं." अक्का हसली. 2024 च्या नोव्हेंबरातली ती निवडणूक अहेरीत कोणी विसरणार नाही. राजवाड्यातलेच तिघे समोरासमोर, बाप, लेक आणि पुतण्या. निवडून आले धर्मरावबाबा आत्राम. चहाच्या टपरीवर अजून त्यावरून पैजा लागतात, आता कशाच्या कोण जाणे.

अक्काचं नाव यादीत पक्कं आहे. कायदा म्हणतो, थोड्या दिवसांसाठी गाव सोडल्याने कोणाचं रहिवासीपण जात नाही. त्यामुळे तिचं नाव कोणी काढत नाही आणि ती नसताना तिचं मतही कोणी घेऊन जात नाही. कामासाठी परराज्यात गेलेल्यांना तिथूनच मत देता यावं म्हणून आयोगाने एक यंत्र बनवलं होतं. एकाच यंत्रात 72 मतदारसंघ. 16 जानेवारी 2023 ला दिल्लीत सगळ्या पक्षांना बोलावलं, दाखवायला. बऱ्याच पक्षांनी शंका काढल्या आणि यंत्र तिथेच राहिलं. लहानीसाठी निदान एक फॉर्म आहे, त्यात गैरहजर असण्याचं कारण लिहायला जागा आहे: नोकरी, शिक्षण की आणखी काही. अक्कासाठी तेवढीही रेघ नाही. मला यातलं जास्त टोचतं ते हे.

मी हे बोलून दाखवलं नाही. अक्काला घाई होती आणि वहिनी तिला वेगळंच सांगत होत्या. "येताना दोन किलो मिरची माझ्यासाठी ठेव. बारकी, तिखट. मुकादम देते तसली फिकी नको. लहानीच्या म्हातारीले पाठवाची आहे."

"जर्मनीची म्हातारी तेजा मिरची खाते?"

"टॉवेलवर कुटून खाते."

अक्का पदर तोंडाला लावून हसत गेली. तिच्या मागोमाग वहिनींचा फोन वाजला. लहानीचा, आज सुट्टी असणार. स्क्रीनवर आधी छत दिसलं, मग एक मफलर, मग लहानीचं लाल झालेलं नाक. तिच्या मागच्या खिडकीत सगळं पांढरं. वहिनींनी फोन कुंपणावर वालाच्या वेलात अडकवला, म्हणजे मलाही दिसावं.

"आई, नावाचं काय केलं? बीएलओ मॅडम आल्या होत्या ना?"

"बाई सांगून रायल्या, काढाची गरज नाही. तुझा पासपोर्ट काढून ठेव, कोणता तरी फॉर्म भराचा आहे."

"6-अ," मी म्हटलं.

"बाई, तो भरते मी. पण मत द्यायला मला यायला जमणार आहे का?"

"नाही जमलं तरी भर," वहिनी म्हणाल्या. "यादीत दिसली पाह्यजे."

लहानी काही बोलत होती तेवढ्यात तिच्या दारावर घंटी वाजली. तिने फोन टेबलावर ठेवला, आम्हाला छत दिसत राहिलं. लांबून जर्मन ऐकू आलं, मग लहानीचं हसणं. परत आली तेव्हा तिच्या हातात ती पाटी होती. तिने ती आम्हाला दाखवली: गुळगुळीत लाकूड, वर अक्षरं, दोरीला जुनी गाठ.

"या आठवड्यात माझा नंबर. बर्फ पडलाय. चला, फावडं आणते."

फोन बंद झाला. वहिनी थोडा वेळ काळ्या स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग त्यांनी तो पदराला पुसला.

"बाई, तुमच्याकडं फावडं आहे ना?"

"आहे. का?"

"नालीत पानं साचली आहेत." त्यांनी टोपली उचलली. "तुमची."

"पाणी तुमचं."

"ठीक आहे, चारला या. अन् शेंगा घेऊन जा, आज तुमच्याच बाजूले जास्त लागल्या."